मोडीचा कागद एका पडद्यावर, देवनागरी दुसऱ्यावर: जुना लॅपटॉप मॉनिटर म्हणून वापरण्याचे एक प्रकरण

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर हे काम चालते. घरातल्या दोन पेट्यांत मोडी कागद निघाले. त्यांत खरेदीखते आहेत, तारणाचे रोखे आहेत, वर्षासनाचे हिशेब आहेत आणि थोडी घरगुती पत्रेही आहेत. बहुतेक कागद तिसऱ्या सयाजीरावांच्या कारकिर्दीतले, म्हणजे १८७५ ते १९३९ या काळातले. सगळे स्कॅन झाले आहेत. त्यांचे देवनागरी लिप्यंतर घरातल्या निवृत्त शिक्षिका करतात आणि रोजचे पाच-सहा तास संगणकापुढे बसतात. संगणकाची मांडामांड त्यांचा भाचा बघतो. तो अलकापुरीत राहतो आणि शनिवार-रविवारीच येऊ शकतो. म्हणून जे काही बसवायचे ते मावशीला एकटीला चालवता आले पाहिजे, ही अट पहिल्या दिवसापासून होती.

अडचण एकाच पडद्याची होती. १५.६ इंची, १९२० × १०८० पिक्सेलच्या पडद्यावर डावीकडे स्कॅन आणि उजवीकडे वर्ड ठेवले की प्रत्येकाला जेमतेम ९६० पिक्सेल रुंदी मिळते. छापील मजकुराला तेवढी पुरते, मोडीला पुरत नाही. मोडीत आधी कागदभर शिरोरेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात. शब्द तोडून लिहिण्याची पद्धत नाही. त्यामुळे पूर्ण ओळ एका नजरेत दिसली तरच शब्द कुठे संपतो याचा अंदाज बांधता येतो. ओळ पडद्याबाहेर गेली, आडवे सरकवले, परत आणले, की डोळा हमखास वरच्या किंवा खालच्या ओळीवर उतरतो. खिडक्या आलटूनपालटून बघण्यातही हेच होते. टंकून झाल्यावर स्कॅनवर परत येताना जागा हरवलेली असते.

कपाटात २०१३ सालचा एक लॅपटॉप पडून होता. तोही १५.६ इंची, पण १३६६ × ७६८ पिक्सेलचा. ४ जीबी मेमरी, फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०, आणि बॅटरी जवळजवळ संपलेली. मुख्य लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. त्याला एक एचडीएमआय आणि दोन यूएसबी खोबणी आहेत, लॅनचे खोबण नाही.

एचडीएमआयची वायर जोडून काहीच का होत नाही

सगळे जण आधी करतात तेच इथेही झाले. दोन मीटरची एचडीएमआय वायर आणून दोन्ही लॅपटॉप जोडले. एकही पडदा हलला नाही. वायर खराब असेल म्हणून दुसरी आणली, तीही तशीच.

"अगं मावशी, वायर चांगलीच आहे. पण दोन्ही टोकांना नळच आहेत, बादली एकाही टोकाला नाही."

भाच्याने सांगितले ते बरोबर आहे. सर्वसाधारण लॅपटॉपचे एचडीएमआय खोबण फक्त चित्र बाहेर सोडते. मॉनिटर जोडल्यावर तो एका पिनेवरून 'मी इथे आहे' असा इशारा देतो आणि आपली रुंदी, उंची, वेग यांची माहिती पाठवतो. ती मिळाली की संगणक चित्र पाठवू लागतो. दोन लॅपटॉप जोडले तर दोघेही त्या इशाऱ्याची वाट बघत बसतात. यात सहसा काही जळत नाही, पण कुठलीही सेटिंग बदलून हे चालू होणार नाही. काही ऑल-इन-वन संगणकांना वेगळे एचडीएमआय-इन खोबण असते. २००९ च्या अखेरीपासून २०१४ च्या मध्यापर्यंतच्या काही आयमॅकमध्ये टार्गेट डिस्प्ले मोड, म्हणजे आपला पडदा दुसऱ्या संगणकाला मॉनिटर म्हणून देण्याची सोय, आहे. तुमचे यंत्र यांपैकी नसेल तर वायरीवर पैसे घालू नका.

मिराकास्ट: पडदा लागला, पण अक्षर पसरले

मिराकास्ट म्हणजे एका यंत्राचे चित्र वायरीशिवाय दुसऱ्याच्या पडद्यावर दाखवण्याची सोय. विंडोजमध्ये ती मुळातच आहे, म्हणून पुढची पाळी तिची. जुन्या लॅपटॉपवर सेटिंग्ज, सिस्टिम, 'प्रोजेक्टिंग टू धिस पीसी' इथे गेल्यावर सगळे पर्याय राखाडी दिसले. याचे नेहमीचे कारण म्हणजे 'वायरलेस डिस्प्ले' हा भाग आपोआप बसलेला नसतो. विंडोज १० मध्ये तो अ‍ॅप्स, ऑप्शनल फीचर्स, 'अ‍ॅड अ फीचर' इथून घ्यावा लागतो. त्या वेळी इंटरनेट चालू असावे लागते. मोबाइलच्या हॉटस्पॉटला 'मीटर्ड', म्हणजे जपून वापरायचे इंटरनेट, असे चिन्ह लावलेले असेल तर डाउनलोड अडकून राहते. भाग बसूनही पर्याय राखाडीच राहिले तर वाय-फाय कार्ड तपासावे. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स' ही आज्ञा इंग्रजीत टंकली की शेवटच्या ओळींत 'वायरलेस डिस्प्ले सपोर्टेड' याच्यापुढे येस किंवा नो दिसते. नो असेल तर कार्ड किंवा ड्रायव्हर बदलल्याशिवाय मिराकास्ट होणार नाही.

इथे येस आले. जुन्या लॅपटॉपवर 'कनेक्ट' अ‍ॅप उघडून ठेवले, मुख्य लॅपटॉपवर विंडोज कळ आणि के दाबून त्याचे नाव निवडले, पिन टाकला आणि पडदा लागला. विंडोज कळ आणि पी दाबून 'एक्स्टेंड' निवडल्यावर खरोखर दुसरा मॉनिटर मिळाला. 'प्रोजेक्टिंग टू धिस पीसी'च्या पानावर एक बारीक अट असते, की विजेवर असतानाच हा संगणक इतरांना दिसावा. बॅटरी संपलेला लॅपटॉप कायम विजेवरच असतो, म्हणून इथे ती आड आली नाही. पण अडॅप्टर सैल बसला असेल तर नाव यादीतून अचानक नाहीसे होते, हे ध्यानात ठेवावे.

तरीही दोन दिवसांत ही पद्धत सोडावी लागली. मिराकास्ट पडद्याचा एच.२६४ पद्धतीने दाबलेला (कॉम्प्रेस केलेला) व्हिडिओ करून पाठवते. सिनेमासाठी ते उत्तम आहे. अशा व्हिडिओत रंगाची माहिती सहसा चार पिक्सेलांत मिळून एकदाच जाते, आणि पिवळट कागदावरच्या तपकिरी शाईची बारीक रेघ नेमकी तिथे फुगते, कडा धूसर होतात. दुसरे कारण वाय-फायचे. जुने कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे, आणि मुख्य लॅपटॉप घरच्या राउटरला ५ गिगाहर्ट्झवर जोडलेला. एकच कार्ड राउटरशी एका वाहिनीवर आणि जुन्या लॅपटॉपशी दुसऱ्या वाहिनीवर बोलायला लागले की ते सतत इकडून तिकडे उड्या मारते. मध्येच चित्र गोठते, मध्येच जोडणी तुटते. कधीतरी एखादे सादरीकरण दाखवायला हे चालेल. रोज पाच तास अक्षर वाचायला चालणार नाही.

वायर, पण लॅनची

मग स्पेसडेस्क हे सॉफ्टवेअर घेतले. याचे दोन भाग असतात आणि ते हमखास उलटे बसवले जातात. ज्या संगणकाचा पडदा वाढवायचा त्यावर ड्रायव्हर, म्हणजेच सर्व्हर. ज्याचा पडदा उसना घ्यायचा त्यावर व्ह्यूअर. ड्रायव्हर विंडोजला 'आणखी एक मॉनिटर जोडला आहे' असे दाखवतो आणि त्यावरचे चित्र जाळ्यातून (नेटवर्कवरून) व्ह्यूअरकडे पाठवतो. जुन्या यंत्रावर लिनक्स असेल तर ब्राउझरमध्ये चालणारा व्ह्यूअरही आहे. घरगुती वापराला पैसे पडत नाहीत. दुकान किंवा कचेरीसाठी वापरणार असाल तर आधी परवान्याच्या अटी वाचा.

वाय-फायवर हेही अडखळले. दोन्ही यंत्रे एकाच राउटरवर असतील तर प्रत्येक चौकट (फ्रेम), म्हणजे पडद्याचे एक पूर्ण चित्र, हवेतून दोनदा जाते, आधी मुख्य लॅपटॉपकडून राउटरला आणि मग राउटरकडून जुन्याला. म्हणजे हाती असलेला वेळ निम्माच. त्यातून वाड्याच्या जाड विटांच्या भिंती, आणि राउटर खाली बैठकीत. इथे राउटर बदलण्याचा सल्ला देण्यात अर्थ नव्हता. दोन्ही यंत्रे एकाच मेजावर दीड हात अंतरावर असताना चित्र खाली बैठकीत पाठवून परत वर का आणायचे?

लागले ते इतकेच: यूएसबीला लावायचा एक गिगाबिट लॅन अडॅप्टर आणि दोन मीटरची साधी लॅन केबल. मध्ये राउटर नाही, स्विच नाही. उलट्या जोडणीची क्रॉस केबल शोधत फिरण्याचीही गरज नाही, कारण गिगाबिट अडॅप्टर तारांची अदलाबदल आपोआप ओळखतो. दोन्ही खोबणींतला दिवा लागला की वायरीचे काम झाले.

दोन्ही यंत्रांना पत्ते (आयपी अ‍ॅड्रेस) हाताने द्यावे लागतात, कारण पत्ते वाटणारा राउटर मध्ये नाही. न दिले तर विंडोज थोडा वेळ वाट बघून १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेते. त्यावरही काम होते, पण तो पत्ता बदलू शकतो आणि मग व्ह्यूअरला जुन्या पत्त्यावर काही सापडत नाही. म्हणून मुख्य लॅपटॉपच्या लॅनला १९२.१६८.७७.१ आणि जुन्याला १९२.१६८.७७.२ दिला, दोन्हीकडे सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. हे कंट्रोल पॅनेलमधल्या 'नेटवर्क कनेक्शन्स'मधून करावे. विंडोज १० च्या नव्या सेटिंग्ज पानावर मास्कऐवजी 'सबनेट प्रीफिक्स लेंग्थ' विचारतात. तिथे २५५ चा आकडा टाकला की ते पान जतनच होत नाही, कारण त्याला २४ हवे असते. ७७ हा आकडा आपल्या मर्जीचा आहे. अट एवढीच की घरच्या राउटरच्या पत्त्यांत तो आकडा नसावा.

गेटवेचा रकाना दोन्हीकडे रिकामा ठेवायचा. यात चूक झाली की मुख्य लॅपटॉपवरचे इंटरनेट बंद पडते, आणि दोष वाय-फायला दिला जातो. गेटवे म्हणजे 'बाहेरच्या जगात जाण्याचा दरवाजा'. लॅनच्या वायरीला दरवाजा दिला तर विंडोज ती वायर जास्त वेगवान समजून सगळी रहदारी तिकडे वळवते, आणि पलीकडे बसला आहे एक जुना लॅपटॉप. रकाना रिकामा असेल तर इंटरनेट वाय-फायने चालते आणि चित्र वायरीने जाते. एकाचा दुसऱ्याला त्रास नाही.

यानंतरही व्ह्यूअर जोडला जात नव्हता. गेटवे नसलेल्या जाळ्याला विंडोज 'अनोळखी' समजते, त्याला 'पब्लिक' धरते आणि फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा विंडोजचा पहारा, दार लावून घेते. फायरवॉल पूर्ण बंद करणे हा उपाय सर्रास सांगितला जातो. तो करू नका. फायरवॉलच्या प्रगत खिडकीत 'इनबाउंड रूल्स'मध्ये स्पेसडेस्कचा नियम उघडा, तो पब्लिकलाही लागू करा, आणि 'स्कोप' या टॅबमध्ये 'रिमोट आयपी'खाली फक्त १९२.१६८.७७.२ लिहा. मग लॅपटॉप स्टेशनवर किंवा नातेवाइकांकडच्या वाय-फायवर नेला, तरी हे दार एकाच पत्त्यासाठी उघडे राहते. घराण्याचे मालकीहक्काचे कागद ज्या यंत्रात आहेत त्याच्या बाबतीत ही पाच मिनिटांची काळजी घ्यायलाच हवी.

१०० एमबीपीएस पुरतात का

अडॅप्टर गिगाबिट होता, पण जोडणी १०० एमबीपीएसची दिसली, कारण जुन्या लॅपटॉपचे लॅन खोबण १०/१०० चे होते. वेग कमी टोकावर ठरतो. आता हिशेब करू. १३६६ × ७६८ पिक्सेल, प्रत्येकी २४ बिट, सेकंदाला ६० चौकटी. हे सगळे न दाबता पाठवायचे तर सुमारे १.५ गिगाबिट प्रतिसेकंद लागतात. ते गिगाबिट केबललाही झेपणार नाहीत, मग १०० ची बातच नको. म्हणून कुठलेही सॉफ्टवेअर घेतले तरी चित्र दाबूनच जाते. एक पूर्ण चौकट दाबून ४०० केबी झाली असे धरले, तर १०० एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला १२.५ एमबीमध्ये, साधारण ३० चौकटी बसतात. प्रत्यक्षात थोड्या कमी.

स्कॅन बघण्याच्या कामाला हे भरपूर आहे. पान स्थिर असते तेव्हा जवळजवळ काहीच पाठवावे लागत नाही. पान सरकवतानाच सगळा पडदा बदलतो. म्हणून वेगाकडून घ्यायचे आणि स्पष्टतेला द्यायचे. व्ह्यूअरच्या सेटिंगमध्ये चौकटींची मर्यादा ३० वर आणली आणि चित्राची गुणवत्ता जवळपास वरच्या टोकाला नेली. व्हिडिओ बघणाऱ्याने याच्या बरोबर उलट करावे.

गुणवत्तेचा हा आग्रह मोडीसाठी का, ते सांगायला हवे. चित्र दाबताना ८ × ८ पिक्सेलच्या चौकोनांत बारीक तपशील टाकून दिला जातो. गडद रेघेच्या आसपास फिकट ठिपके उमटतात, आणि खरोखर फिकट असलेला ठिपका पुसला जातो. मोडीत तो ठिपका अनुस्वार असू शकतो. सुरुवातीच्या मूळ सेटिंगवर केलेल्या पानांत नेमके अनुस्वारच गळले. तीच पाने गुणवत्ता वाढवून पुन्हा वाचली तेव्हा ते दिसले. असे काम करणाऱ्याने एक साधी चाचणी करावी: पानाचा एक दाट तुकडा १०० टक्के आकारात दोन्ही पडद्यांवर शेजारी शेजारी ठेवून ठिपके मोजावे. संख्या जुळली नाही तर गुणवत्ता आणखी वर न्यावी.

धूसरपणाचे दुसरे कारण याहून सोपे, पण लक्षात न येणारे. उसन्या पडद्याचे रिझोल्यूशन त्याच्या काचेच्या मूळ पिक्सेलांइतकेच असले पाहिजे. १३६६ या संख्येला ८ ने नीट भाग जात नाही, म्हणून बरीच सॉफ्टवेअरे गुपचूप १३६० × ७६८ घेतात. कधी १२८० × ७२० घेतात. चित्र ताणून पडदा भरलेला दिसतो, म्हणून सगळे ठीक वाटते, पण प्रत्येक रेघ थोडी विरघळलेली असते. मुख्य लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये दुसरा पडदा निवडून १३६६ × ७६८ आणि स्केल १०० टक्के करा. जुन्या लॅपटॉपचा स्वतःचा स्केलही १०० टक्केच ठेवा, आणि व्ह्यूअर पूर्ण पडद्यावर असू द्या.

कोणत्या पडद्यावर काय

आठवडाभर मांडणी उलटी होती. मोडी वाचायला चांगला पडदा हवा, म्हणून स्कॅन मुख्य पडद्यावर आणि वर्ड जुन्यावर. तर्क बरोबर, पण परिणाम वाईट. टंकलेले अक्षर दाबून, पाठवून, उलगडून दाखवण्यात सेकंदाचा एक बारीक हिस्सा जातो. स्कॅन सरकवताना तो कळतही नाही. टंकताना मात्र बोट पुढे आणि अक्षर मागे राहते. देवनागरीत हे जास्त जाचते, कारण जोडाक्षर पूर्ण होईपर्यंत रूप बदलत असते. हलन्त दिसला नाही म्हणून पुन्हा दाबला, की अक्षर बिघडलेच. मावशींच्या पानांत दुहेरी हलन्त वाढू लागले तेव्हा कारण लक्षात आले.

म्हणून जे हलते ते मुख्य पडद्यावर आणि जे स्थिर राहते ते उसन्या पडद्यावर, असे ठरले. आमच्या मते पडदा उसना घेताना बाकी काही जमले नाही तरी एवढे पाळावे. अडलेल्या अक्षरासाठी विंडोज, शिफ्ट आणि बाणाची कळ एकदम दाबायची. स्कॅनची खिडकी क्षणात चांगल्या पडद्यावर येते, मोठी करून बघायची, आणि तीच कळ उलट्या बाणाने दाबून परत पाठवायची. १५.६ इंच कर्णाच्या पडद्यावर रुंदीला १९२० पिक्सेल म्हणजे इंचाला १४१ आणि १३६६ म्हणजे इंचाला १००. हा फरक रोजच्या वाचनात चालतो, शंकेच्या अक्षराला चालत नाही.

डिस्प्लेच्या मांडणीत २ क्रमांकाची चौकट १ च्या डावीकडे ओढून दोघांच्या खालच्या कडा जुळवल्या. एकाची उंची १०८० आणि दुसऱ्याची ७६८ असल्याने वरचा थोडा भाग 'भिंत' राहतो आणि उंदराचा बाण तिथे अडकतो. खालची कड जुळलेली असेल तर बाण खाली आणून सहज पलीकडे जातो.

जुन्या लॅपटॉपला वाटते, कुणीच नाही

सगळे बसल्यावर तक्रार आली की दर दहा मिनिटांनी डावा पडदा काळा होतो. उंदीर आणि कळफलक मुख्य लॅपटॉपचे. जुन्याला कुणी हातही लावत नाही, त्यामुळे तो आपल्या हिशेबाने झोपी जातो. त्याच्या पॉवर सेटिंगमध्ये विजेवर असताना पडदा आणि स्लीप दोन्ही 'नेव्हर' करायचे, स्क्रीन सेव्हर काढायचा. मुख्य लॅपटॉपवर हे बदलून काही उपयोग होत नाही. पडदा काळा असताना एखादी खिडकी तिकडे अडकली तर मघाची विंडोज, शिफ्ट आणि बाणाची कळच तिला परत आणते.

या जुन्या लॅपटॉपचे वाय-फाय कायमचे बंद केले आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. असे यंत्र इंटरनेटवर न ठेवणेच बरे. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे कामाच्या मध्ये अपडेट येऊन हार्ड डिस्क घुरघुरत नाही आणि चित्र अडखळत नाही.

बॅटरीकडे आवर्जून बघा. टचपॅड वर उचलला गेला असेल, झाकण नीट मिटत नसेल, खालचा पत्रा फुगला असेल, तर ती फुगलेली बॅटरी आहे. लॅपटॉप लावूच नका. त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपची बॅटरी खालचे दोन खटके सरकवून निघते. ती काढून केवळ अडॅप्टरवर यंत्र चालते. काही लॅपटॉप बॅटरीशिवाय वेग कमी करतात, पण चित्र दाखवण्यापुरती ताकद उरते. अडॅप्टर मूळ क्षमतेचाच हवा. १९ व्होल्ट आणि ३.४२ अँपिअर म्हणजे ६५ वॅटचा असेल तर ४० वॅटचा लावून चालणार नाही.

बॅटरी नसल्याने वीज गेली की डावा पडदा जातो. म्हणूनच फाइल जुन्या यंत्रावर न ठेवण्याचा निर्णय योग्य ठरला. सगळे काम मुख्य लॅपटॉपवर आहे आणि त्याला बॅटरी आहे. वीज आली, जुना सुरू केला, व्ह्यूअर उघडला, की खिडकी पुन्हा तिकडे नेता येते.

विचारात घेतलेले आणि सोडलेले मार्ग

पडदा न वाढवता फक्त उंदीर आणि कळफलक दोन्ही यंत्रांत वाटून घेण्याचा मार्ग अनेकांना जास्त सोयीचा पडेल. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमध्ये 'माउस विदाउट बॉर्डर्स' आहे, चार संगणकांपर्यंत चालते, फुकट आहे. बाण कडेवरून पलीकडच्या संगणकात जातो. चित्र पाठवायचेच नसते, म्हणून धूसरपणाचा प्रश्नच नाही. बिले बघून नोंदी करणाऱ्याने, पीडीएफ वाचून लिहिणाऱ्याने आधी हाच मार्ग धरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. इथे तो सोडला तो स्कॅनच्या आकारामुळे. ए४ कागद ६०० डीपीआयने रंगीत स्कॅन केला की ४९६१ × ७०१६ पिक्सेल होतात, मेमरीत सुमारे १०४ एमबी. असे कागद एकापाठोपाठ उघडताना ४ जीबी मेमरीचे आणि फिरत्या डिस्कचे यंत्र दर पानाला थांबत होते. स्पेसडेस्कमध्ये पान उघडण्याचे कष्ट मुख्य लॅपटॉप घेतो, जुना फक्त काच पुरवतो.

कचेरीच्या लॅपटॉपवर काही बसवण्याची परवानगी नसते. तिथे एचडीएमआय कॅप्चर कार्ड कामाला येते. मुख्य लॅपटॉपच्या एचडीएमआयची वायर कार्डात, कार्ड जुन्याच्या यूएसबीत, आणि जुन्यावर कॅमेरा अ‍ॅप पूर्ण पडद्यावर. कार्ड स्वतःला मॉनिटर म्हणून ओळख देते, म्हणजे मघाची बादली सापडते. पण स्वस्त कार्डे यूएसबी २.० ची असतात. तिथे ४८० एमबीपीएसमध्ये चित्र दाबूनच बसवावे लागते आणि अक्षर मऊ पडते. लॅपटॉपचा मदरबोर्ड मेला असेल तर काच काढून तिला कंट्रोलर बोर्ड जोडता येतो. बोर्ड काचेच्या मागच्या स्टिकरवरच्या मॉडेल क्रमांकावरूनच घ्यावा. चालू लॅपटॉपची चिरफाड मात्र करू नये.

मेजावरची मांडणी

मोडीची पाने उभी असतात, म्हणून जुना लॅपटॉप पुस्तकासारखा उभा करून पडदा फिरवण्याची कल्पना पुढे आली. चित्र फिरते, पण या काळातल्या स्वस्त लॅपटॉपांना टीएन प्रकारची काच (पडद्याचे पॅनेल) असते. ती वर-खालून बघितली की रंग उलटतात. आडवी केली की तोच दोष डाव्या-उजव्या बाजूला येतो, दोन्ही डोळ्यांना वेगळा उजेड दिसतो आणि तासाभरात डोके दुखते. शिवाय हवा बाहेर टाकणारी जाळी मेजावर टेकते, आणि बडोद्याच्या मे महिन्यात ते परवडणारे नाही. पान उभे बघण्याऐवजी रुंदीला बसवून खाली सरकवत वाचणे बरे पडले.

जुना लॅपटॉप देवघरातल्या जुन्या चौरंगावर ठेवला आहे. त्यामुळे दोन्ही पडद्यांच्या वरच्या कडा साधारण सारख्या आल्या, आणि खालून हवा खेळती राहिली. त्याचा कळफलक पुढे येऊन जागा अडवतो, पडदा एक वीतभर मागे जातो. म्हणून तो किंचित तिरका, मावशींकडे तोंड करून ठेवला. विजेचा खर्च जवळजवळ नगण्य आहे. असा लॅपटॉप २५ वॅट घेतो असे धरले तर सहा तासांना ०.१५ युनिट होते.

रोजचा क्रम एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवला आहे: आधी जुना लॅपटॉप, मग मुख्य लॅपटॉप, मग व्ह्यूअर. पत्ता व्ह्यूअरमध्ये साठवलेला असल्याने एकदाच टिचकी मारावी लागते.

पंधरा दिवसांनी एकदा फोन आला, डावीकडे काहीच येत नाही. लॅनचा दिवा लागत होता, व्ह्यूअर चालू होता. घर झाडताना यूएसबी अडॅप्टर काढून दुसऱ्या खोबणीत लावला गेला होता. खोबण बदलले की विंडोज काही अडॅप्टरांना नवे यंत्र समजते. 'इथरनेट २', 'इथरनेट ३' अशा नावाने नवी नोंद करते, आणि हाताने दिलेला पत्ता जुन्या नोंदीपाशी राहतो. फोनवरच "उजवीकडच्या पुढच्या भोकात लाव, मावशी" एवढे सांगून काम झाले. आता त्या खोबणीशेजारी आणि अडॅप्टरवर कुंकवाचा एकेक ठिपका लावलेला आहे.